कॅरॅव्हॅन ओढायची आहे, डिफ बदलू का?



गणपतीच्या जेवणानंतर हॉलच्या पार्किंगमध्ये चार पुरुष एखाद्या उघड्या बॉनेटभोवती उभे दिसले की समजावं, कुणीतरी कॅरॅव्हॅन घेतली आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी हेच चौघं घराच्या कर्जाच्या व्याजावर बोलायचे. आता मुलं युनिव्हर्सिटीत गेली, लाँग सर्व्हिस लीव्ह साठून राहिली आहे आणि 'एकदा सगळा ऑस्ट्रेलिया पालथा घालायचा' हे बोलणं प्रत्यक्षात येऊ लागलं आहे. आणि मग दर वेळी तोच प्रश्न: "गाडी चढावर ओढत नाही हो. कुणी म्हणतं डिफ बदला. बदलू का?"

मी हा उद्योग केला आहे. करण्याआधी जे समजायला हवं होतं त्यातलं बरंचसं मला नंतर समजलं. म्हणून संपादकांकडे पानं मागितली. आकृती काढून दिली होती, पण झेरॉक्समध्ये ती काळा डाग होऊन येते असं ते म्हणाले, तेव्हा शब्दांतच सांगतो.

आपल्याकडे गॅरेजमध्ये ज्याला 'क्राऊन-पिनियन' म्हणतात तेच हे. इंजिनाचं फिरणं गिअरबॉक्समधून प्रॉपेलर शाफ्टवर येतं. शाफ्टच्या टोकाला छोटं पिनियन, ते मोठ्या क्राऊन व्हीलला फिरवतं आणि क्राऊन चाकांना. माझ्या गाडीत क्राऊनला ४१ दाते आणि पिनियनला १० होते. भागाकार ४.१. म्हणजे शाफ्ट ४.१ वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. याच जागी ४१ आणि ९ दात्यांची जोडी बसवली तर भागाकार ४.५६ होतो. चाकाच्या एका फेरीसाठी इंजिन जास्त वेळा फिरतं आणि चाकावर येणारा पीळ ११ टक्क्यांनी वाढतो. आकडा मोठा झाला तरी इथले मेकॅनिक त्याला 'लो' किंवा 'शॉर्ट' म्हणतात, त्यामुळे फोनवर बोलताना घोटाळा होतो. नेहमी आकडाच सांगावा.

आमचे अण्णा दापोडीला एस.टी.च्या मध्यवर्ती कार्यशाळेत होते. रोज सायकलने जायचे. धाकट्या भावाला मागे बसवून न्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी सायकलचं १८ दात्यांचं फ्रीव्हील काढून २० दात्यांचं बसवलं होतं. पाय जास्त मारावे लागत, पण चढ झेपत असे. डिफ बदलणं म्हणजे एवढंच. फरक इतकाच की फ्रीव्हील अर्ध्या तासात बदललं जातं.

रेल्वेतही हाच प्रकार आहे. आपल्याकडचं डब्ल्यूएजी-९ हे मालगाडीचं इंजिन आणि डब्ल्यूएपी-७ हे प्रवासी गाडीचं इंजिन मुळात एकच, दातेरी चाकांचं प्रमाण बदललं की मालवाहू इंजिनाचं वेगवान इंजिन होतं. पण तेवढ्यावर घाट चढता येत नाही. बोरघाटात रेल्वे १८६३ साली सुरू झाली, चढ ३७ ला १. तिथे आजही कर्जतहून गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात. प्रमाण बदलून काय होतं आणि काय होत नाही, ते या दोन गोष्टींत आहे. पीळ वाढतो, शक्ती वाढत नाही. शक्ती हवी तर दुसरं इंजिन लावावं लागतं.

हे मला कळायला टुवूम्बा रेंज चढावी लागली.

२०१८ सालची गोष्ट. आमची लँडक्रूझर जुनी, ८० सिरीज, ४.२ लिटरचं डिझेल, टर्बो नाही, कागदावर ९६ किलोवॉट. आधीच्या मालकाने वाळूत न्यायला म्हणून मोठे टायर बसवलेले. मागे दोन टनाची कॅरॅव्हॅन. आत आम्ही दोघं, चिरंजीव आणि पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेले अण्णा. ब्रिस्बेनहून वॉरेगो हायवेने रोमा, तिथून कार्नार्व्हन गॉर्ज असा बेत. टुवूम्बाचा नवा बायपास सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाला, त्यात चढ साडेसहा टक्क्यांपर्यंतच ठेवला आहे. तेव्हा मात्र जुन्या रस्त्यानेच जावं लागायचं आणि तिथला चढ १० टक्क्यांपर्यंत, म्हणजे १० ला १. बोरघाटातल्या रेल्वेच्या जवळजवळ चौपट.

चढताना गाडी चौथ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून दुसऱ्यात. काटा चाळिसावर येऊन थांबला. मागे लाकडाचा एक ट्रक अगदी आरशाला चिकटलेला. पाण्याच्या तापमानाचा काटा हळूहळू वर सरकतोय, सौ.ने एसी बंद करून हीटर लावला (उन्हाळा होता), आणि अण्णा मागून शांतपणे म्हणाले, "दुसऱ्यातच राहू दे. घाई कोणाला आहे?"

वर पोचल्यावर मी ठरवूनच टाकलं की गाडी कमी पडते, डिफ बदलायचा. घरी येऊन गणित मांडलं तेव्हा उलगडा झाला. गाडी आणि कॅरॅव्हॅन मिळून पाच टन. ते १० टक्के चढावर ताशी ६० ने चढवायचं तर नुसत्या गुरुत्वाकर्षणाशी झगडायला ८० किलोवॉट लागतात. वारा आणि टायरचं घर्षण धरलं की शंभराच्या पुढे. इंजिनापाशीच ९६, त्यातले चाकापर्यंत पोचतात त्याहून कमी. तेव्हा डिफमध्ये कोणतेही दाते बसवा, ही गाडी तो घाट साठने चढणार नव्हती. चाळिसाला मात्र चढाचं काम ५४ किलोवॉटमध्ये होतं, आणि गाडी नेमकी तिथेच स्थिरावली होती. तिचं काही चुकलं नव्हतं. चढावर कमी गिअर हवा असतो, आणि तो गिअरबॉक्समध्ये आधीच असतो.

मग लोक हजारो डॉलर घालून डिफ का बदलतात? मूर्ख नाहीत ते. सगळा रस्ता टुवूम्बा रेंज नसतो. ऑस्ट्रेलियातला बहुतेक रस्ता लांब, किंचित वरखाली होणारा, समोरून वारा असलेला. तिथे गाडीचा वरचा गिअर जरासा जड पडतो आणि खालचा फार हलका. चौथ्यात टाकली की दम टाकते, तिसऱ्यात ओरडते. दिवसभर हात गिअरच्या दांड्यावर. अशा वेळी डिफचं प्रमाण थोडं बदललं की सगळेच गिअर एकदम अर्धी पायरी खाली सरकतात आणि चौथा वापरण्याजोगा होतो. दुसरं, चढावर थांबून पुन्हा निघताना क्लच प्लेट कमी जळते.

आणि तिसरं कारण, जे माझ्या बाबतीत खरं होतं: टायर.

गाडीचा मूळ टायर २७५/७०आर१६, व्यास सुमारे ७९१ मिलिमीटर. आधीच्या मालकाने बसवलेला २८५/७५आर१६, म्हणजे ८३४. दिसायला रुबाबदार. पण चाक साडेपाच टक्क्यांनी मोठं झालं की पीळ तेवढ्याने कमी होतो. थोडक्यात त्या गृहस्थाने नकळत डिफ उलट्या दिशेने बदलून ठेवला होता. चौथा गिअर सरळ एकास एक असतो, त्यावर हिशेब सोपा: ताशी १०० ला मूळ टायरवर इंजिन सुमारे २७५० फेरे घेत असे, मोठ्या टायरवर २६०० च्या आसपास. दीडशे फेऱ्यांचा फरक किरकोळ वाटतो, पण कॅरॅव्हॅन मागे असताना गाडी ओढते की रडते हे त्या दीडशे फेऱ्यांत ठरतं.

आणखी एक गंमत, जी महागात पडू शकते. या गाडीत स्पीडोमीटर डिफच्या आधी, ट्रान्सफर केसमधून चालतो. चाक मोठं झालेलं त्याला माहीतच नाही. तो १०० दाखवी तेव्हा गाडी १०५ ने जात असे. कॅमेऱ्याला तुमचा स्पीडोमीटर दिसत नाही. ज्यांनी मोठे टायर बसवले आहेत त्यांनी जीपीएसशी एकदा ताडून पाहावं. इथल्या नियमांप्रमाणे अशा फोर व्हील ड्राइव्हला मूळ मापापेक्षा ५० मिलिमीटरपर्यंत मोठा टायर साधारणपणे चालतो, त्यापुढे परवानगीचा प्रश्न येतो. राज्याराज्यांत फरक आहेत, तेव्हा आपल्या राज्याचा नियम विचारूनच पैसे घालावेत.

मला दोन पर्याय होते. ४३ आणि १० दात्यांची ४.३ ची जोडी बसवली तर गाडी जवळजवळ मूळ स्थितीला येते, स्पीडोमीटरसकट. ४.५६ बसवली तर मूळच्याही पुढे जाते: १०० ला चौथ्यात २९०० फेरे, आणि स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा खरा वेग ९५, म्हणजे चूक झालीच तर सुरक्षित बाजूला. एका गॅरेजवाल्याने ३९ आणि ८ ची, म्हणजे ४.८८ ची शिफारस केली. ती ३५ इंची टायरवाल्यांसाठी ठीक, माझ्यासाठी नव्हती. मोकळी गाडी हायवेवर घेऊन निघालो असतो तर दिवसभर इंजिनाचा कोकलणं ऐकत बसावं लागलं असतं.

मी ४.५६ ठरवली आणि अण्णांना मोठ्या उत्साहाने कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून सगळे आकडे नीट वाचले. मग विचारलं, "चढायचं झालं. परत येताना तो वास कसला येत होता?"

हे मी तुम्हाला सांगितलं नाही. परतीच्या वाटेवर त्याच घाटातून उतरताना गाडीत जळका वास भरला होता, आणि शेवटच्या वळणांवर ब्रेकचं पेडल स्पंजासारखं खाली जात होतं. सौ.चा हात डॅशबोर्डवर होता, ती काही बोलली नाही. खाली पोचून बाजूला घेतली तर पुढच्या चाकांतून धूर. मी मनाशी म्हटलं, जुनी गाडी आहे, ब्रेक तापतात. पाच टनांची गाडी दर १०० मीटर खाली उतरते तेव्हा जी उष्णता तयार होते तिने चौदा-पंधरा लिटर पाणी थंडपासून उकळीला येईल. ती सगळी कुठेतरी जायला हवी. निम्मी-शिम्मी इंजिनाने घ्यायची, बाकी आठही चाकांच्या ब्रेकनी वाटून. आमच्या बाबतीत ती चारच चाकं घेत होती.

अण्णांनी शनिवारी सकाळी मला कॅरॅव्हॅनखाली घातलं. स्वतः खुर्ची टाकून बसले. "आत कोणीतरी ब्रेक कंट्रोलर हाताने दाब आणि तू चाकापाशी कान लाव." चिरंजीवांनी दाबला. कॅरॅव्हॅनच्या चारही चाकांतून काही आवाज नाही. विजेच्या ब्रेकचा लोहचुंबक चिकटताना हलकी गुणगुण येते, ती नाही. मग प्लगमधली निळी वायर तपासली. इथल्या सात पिनांच्या प्लगमध्ये ब्रेकची वायर निळी असते. गाडीच्या बाजूला ती प्लगपर्यंत आलेली होती, आत स्क्रूखाली घातलेलीच नव्हती. दिवे लागत होते, इंडिकेटर लागत होते, म्हणून मी सहा महिने सगळं ठीक आहे असं धरून चाललो होतो. बसवून देणाऱ्याने तपासलं नाही आणि मीही नाही. ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक असणं इथे कायद्याने सक्तीचं आहे. मी दोन टन, ब्रेकशिवाय, घरची सगळी माणसं आत घालून घाटातून आणली होती.

अण्णा एवढंच म्हणाले, "एस.टी.त गाडी कार्यशाळेतून बाहेर काढताना आधी ब्रेक बघायचे, मग इंजिन." त्यानंतर त्या विषयावर एक शब्द नाही. ते अधिक लागलं.

दुसरं त्यांनी करायला लावलं ते वजन. सार्वजनिक वजनकाट्यावर आधी कॅरॅव्हॅन एकटी, मग गाडी भरलेली, मग दोन्ही जोडून. कॅरॅव्हॅनच्या पाटीवर एटीएम २००० किलो लिहिलेलं होतं; एटीएम म्हणजे सामानासकट, पाण्यासकट, गाडीपासून सोडवलेली असताना जास्तीत जास्त वजन. काटा २१७० म्हणाला. एकशे सत्तर किलो आले कुठून? सौ. आणि मी यादी केली. पाण्याच्या दोन भरलेल्या टाक्या. वीस किलो तांदूळ, कणीक, दोन प्रेशर कुकर, इडलीपात्र (रोमाला इडल्या कोण करणार होतं, कुणास ठाऊक), मी घेतलेला लोखंडी हत्यारांचा पेटारा, आणि चिरंजीवांचे डंबेल्स. माझा पेटारा सर्वांत जड निघाला, म्हणून चर्चा लवकर आटोपली. एक टाकी रिकामी ठेवून, पेटारा आणि इतर गोष्टी कमी करून १९६० वर आणली.

इथे एक गैरसमज खोडायला हवा, कारण तो मी आपल्याच लोकांकडून दोनदा ऐकला: डिफ बदलला की कायद्याने जास्त ओढता येतं. नाही. गाडीची ओढण्याची मर्यादा आणि गाडी अधिक ट्रेलरचं एकत्रित कमाल वजन, ज्याला जीसीएम म्हणतात, हे उत्पादकाने ठरवलेलं असतं. तुम्ही नंतर गॅरेजमध्ये दाते बदलून ते बदलत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा तेच वजन विचारेल. गैरसमजाला कारण मात्र आहे. अमेरिकी पिकअपमध्ये कारखान्यातूनच वेगवेगळे डिफ मिळतात आणि त्याप्रमाणे मर्यादाही बदलते. आपल्याकडे २०१८ मध्ये उजव्या हाताचं स्टिअरिंग करून आलेला रॅम १५०० असाच: ३.९२ च्या डिफला साडेचार टन (त्यासाठी ७० मिलिमीटरचा बॉल लागतो), ३.२१ च्या डिफला साडेतीन टन, पण डिझेल-पेट्रोलच्या हिशेबात ३.२१ वाला परवडणारा. तिथे तो आकडा उत्पादकाने सगळी गाडी तपासून दिलेला असतो. अशी जुनी गाडी घेणार असाल तर कागदांत डिफ कोणता आहे हे नक्की पाहा. नाहीतर साडेचार टनाची कॅरॅव्हॅन घेऊन बसाल आणि गाडी साडेतीनची निघेल.

आणि ज्यांच्याकडे आठ किंवा दहा गिअरची नवी ऑटोमॅटिक आहे, मूळ टायर आहेत, त्यांनी या भानगडीत पडूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. टो मोड लावा, वरचा गिअर अडवून ठेवा, आणि गिअरबॉक्सच्या तेलाला जादा कूलर आहे की नाही ते बघा. गिअर इतके जवळजवळ असतात की डिफ बदलून मिळणारी अर्धी पायरी त्या गिअरबॉक्समध्ये आधीच आहे. शिवाय वॉरंटीचं काय होतं ते आधी लेखी विचारावं.

तरीही करायचं असेल तर काय करायला सांगावं, ते थोडक्यात. फोर व्हील ड्राइव्हला पुढचा आणि मागचा दोन्ही डिफ एकाच प्रमाणाचे हवेत. एकच बदलून 'बघू कसं वाटतं' हे चालत नाही, पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि काहीतरी तुटतं. माझ्या गाडीत पुढचा डिफ मागच्यापेक्षा लहान, म्हणून दोन वेगळ्या जोड्या घ्याव्या लागल्या. क्राऊन आणि पिनियन नेहमी जोडीने येतात, जोडीनेच बदलायचे. बेअरिंग आणि सील नवेच घालायचे, त्यात काटकसर नको. खरं कौशल्य बसवण्यात आहे: पिनियन किती आत, दात्यांत किती मोकळीक, हे मिलिमीटरच्या शतांश भागात पाहावं लागतं. चांगला कारागीर दात्यांना रंगाची पेस्ट लावून फिरवतो आणि दाता दात्याला कुठे टेकतो याचा ठसा बघतो. तो ठसा दाखवायला सांगा. जो आनंदाने दाखवतो त्याच्याकडे काम द्या. मला अंदाज मिळाले ते साडेतीन-चार हजार डॉलरच्या आसपासचे होते. सर्वांत स्वस्तवाला ठशाबद्दल विचारल्यावर "गरज नाही" म्हणाला, मी तिथून निघालो.

आणि काम झाल्यावर लगेच कॅरॅव्हॅन जोडू नका. नवे दाते एकमेकांवर घासून बसेपर्यंत खूप तापतात. पहिल्यांदा पंधरा-वीस मिनिटं हलक्या हाताने चालवून पूर्ण थंड होऊ द्यायची. पहिले ८०० किलोमीटर ओढणं बंद, मग तेल बदलायचं. काढलेल्या तेलात बारीक चकाकी दिसते, तेवढी चालते. कण हाताला लागले तर गाडी परत न्यायची. मी तेल बदलताना अण्णा पुण्याला परत गेले होते. व्हिडिओ कॉलवर मला थाळी उजेडात धरायला लावली आणि "बोट फिरव" म्हणाले. काही लागलं नाही.

तर फरक पडला का? सांगतो. बायपास झाल्यावर टुवूम्बाला आम्ही त्याच रस्त्याने गेलो. तिथला चढ सौम्य असल्याने तुलना बरोबर नाही. पण जुन्या रेंजवर मुद्दाम एकदा गेलो तेव्हा काटा पुन्हा चाळीस-पंचेचाळिसावरच आला, गणिताने सांगितलं होतं तसं. मात्र टुवूम्बा ते रोमा या लांब सरळ पट्ट्यात पूर्वी मी सारखा तिसरा-चौथा करायचो, ते थांबलं. चढावर थांबून निघताना क्लचचा वास येत नाही. मोकळी गाडी चालवताना डिझेल थोडं जास्त जातं आणि इंजिनाचा आवाज वाढला आहे, ते सौ.ला अजून मान्य नाही. उतरताना मात्र त्याच गिअरमध्ये इंजिन आता गाडीला अधिक धरून ठेवतं, आणि हे मी डिफ बदलताना मनात धरलंच नव्हतं.

ज्यांना आपल्या गाडीचं प्रमाण माहीत नाही त्यांनी गॅरेजला फोन करण्याआधी घरीच पाहावं. सपाट जागी, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावून, गिअर न्यूट्रलला, मागचं एकच चाक वर उचलून पक्क्या स्टँडवर घ्यायचं, नुसत्या जॅकवर नव्हे. हँडब्रेक सोडायचा. प्रॉपेलर शाफ्टवर खडूने खूण करायची. चाक हाताने बरोबर दोन वेळा फिरवायचं आणि दुसऱ्याने शाफ्टचे फेरे मोजायचे. दुसरं चाक जमिनीवर स्थिर असल्याने चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा एक. शाफ्ट चारहून जरासा जास्त फिरला तर ४.१, साडेचारहून किंचित जास्त तर ४.५६. मोजणाऱ्याने गाडीखाली जायचं नाही, बाजूला बसून टॉर्चने बघायचं.

आणि त्याच शनिवारी, हात काळे झालेच आहेत तर, कॅरॅव्हॅन जोडून कुणालातरी कंट्रोलर दाबायला सांगा आणि चाकापाशी कान लावा.